चष्मा घसरतो, टोचतो, तिरका बसतो: घरच्या घरी नीट कसा करावा

चष्मा नाकावरून घसरू लागला की बहुतेकांचा हात आधी काड्यांकडे जातो. दोन्ही काड्या आत दाबल्या की चष्मा डोक्याला घट्ट धरून राहील, असा साधा हिशोब त्यामागे असतो. प्रत्यक्षात होते उलटेच. आपले डोके कानशिलांपाशी अरुंद असते आणि कानांकडे जाताना रुंद होत जाते. काडी कानाच्या अलीकडेच डोक्याला दाबू लागली, की ती त्या उतारावरून पुढे सरकते. ओल्या साबणाची वडी मुठीत आवळल्यावर निसटते तशी. जितके आवळावे तितका चष्मा घसरतो, आणि कानशिले दुखू लागतात ती वेगळीच.

हे आधीच सांगण्याचे कारण असे, की चष्म्यात जिथे दुखते तिथेच दोष असतो असे नाही. नाकावर वळ उठतात आणि चूक कानामागच्या वळणात असते. एक काच डोळ्याच्या खाली गेलेली दिसते आणि प्रत्यक्षात सैल झालेला असतो बिजागरीचा स्क्रू. म्हणून वाकवण्याआधी शोधायला शिकायचे. नेमका दोष सापडला की दुरुस्ती बहुधा एक-दोन मिलिमीटरांचीच असते, आणि तेवढी घरी जमते.

नीट बसलेला चष्मा कसा ओळखावा

चष्म्याने चेहऱ्याला तीनच ठिकाणी टेकावे: नाकाचा दांडा आणि दोन्ही कानांची वरची बाजू. गाल, भुवया, पापण्यांचे केस, कानशिले यांपैकी कशालाही तो लागता कामा नये. काडी कानाकडे जाताना डोक्याला अगदी हलका स्पर्श करत गेली तर चालते, पण तिथे दाब नको. वजन पेलायचे ते नाकाने, आणि चष्मा पुढे जाऊ नये म्हणून अडवायचे ते कानामागच्या वळणाने.

बाजूने पाहिल्यावर फ्रेम अगदी उभी सरळ नसते. तिची खालची कड गालाकडे थोडी झुकलेली असते. साधारण ८ ते १२ अंशांचा हा कल मुद्दाम ठेवलेला असतो, कारण आपण समोरइतकेच खालीही पाहतो. काच आणि डोळा यांच्यात साधारण १२ ते १४ मिलिमीटर अंतर असते. घरी हे मोजत बसायची गरज नाही. पापण्या मिटताना-उघडताना केस काचेला घासत नाहीत आणि हसल्यावर गाल फ्रेमला लागत नाहीत, एवढे पाहिले तरी पुरे.

हात लावण्याआधी फ्रेम ओळखा

काडीच्या आतल्या बाजूला पाहा. तिथे बहुधा आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ५२-१८-१४०. पहिला आकडा काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधले अंतर आणि तिसरा काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. फ्रेम मुळातच लहान किंवा मोठी असेल तर कितीही वाकवून उपयोग होत नाही. पूर्वी एखादा चष्मा छान बसत होता असे आठवत असेल, तर त्याचे आकडे नव्याच्या शेजारी ठेवून पाहा. मधला आकडा दोन मिलिमीटरनी वेगळा असला तरी नाकावर फरक जाणवतो.

आकड्यांजवळ कधी कधी फ्रेम कशाची आहे तेही लिहिलेले असते. हे समजणे फार गरजेचे आहे, कारण प्रत्येक प्रकारची वागणूक निराळी.

साधी धातूची फ्रेम, विशेषतः नाकावर वेगळे पॅड असलेली, घरी काम करायला सर्वांत सोपी. ती गरम न करता वाकते आणि वाकवली तशी राहते.

जाड प्लास्टिकची फ्रेम बहुधा अ‍ॅसिटेटची असते. हे प्लास्टिक गरम केल्यावर मऊ होते आणि थंड झाल्यावर नवा आकार धरते. थंड असताना वाकवले तर एक तर मोडते किंवा थोड्या वेळाने पुन्हा जुन्या जागी येते. बहुतेक अ‍ॅसिटेट काड्यांच्या आत धातूची तार असते. पारदर्शक काडीत ती दिसतेही.

हलकी, लवचीक, हाताने पिळली तरी परत सरळ होणारी फ्रेम टीआर-९० सारख्या नायलॉनची असते. तिला दिलेला आकार फारसा टिकत नाही. तिच्यावर जोर लावण्यापेक्षा नाकाला सिलिकॉनचे चिकटवायचे पॅड आणि काड्यांना कानामागे अडकणारे रबरी हूक लावणे बरे.

हाताने मुरगळली तरी पूर्ववत होणारी ‘मेमरी’ धातूची फ्रेम, कार्बन फायबर, लाकूड किंवा शिंगाची फ्रेम, आणि जिच्या काचांना भोके पाडून काड्या थेट जोडलेल्या असतात ती रिमलेस फ्रेम, या सगळ्यांना घरी हात लावू नये. रिमलेसमध्ये वाकवण्याचा जोर सरळ काचेच्या भोकावर येतो आणि काच तिथूनच तडकते.

साहित्य फार लागत नाही. चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर, मऊ सुती कापड, हेअर ड्रायर, धुऊन निघणारे पेन किंवा कागदी चिकटपट्टीचा बारीक तुकडा, आणि चांगल्या उजेडातला आरसा. पक्कड वापरायची असेल तर तिच्या जबड्यांना चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर धातूवर ओरखडे उठतात आणि कोटिंग निघालेल्या जागी पुढे गंज धरतो.

आधी धुवा, मग स्क्रू पाहा

बऱ्याच तक्रारी इथेच संपतात, म्हणून ही पायरी टाळू नका. नाकाच्या पॅडवर त्वचेचे तेल साचले की ते गुळगुळीत होतात. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाचा एक थेंब घेऊन पॅड, काड्यांची टोके आणि बिजागऱ्या बोटांनी चोळून धुवा, आणि कापडाने टिपून घ्या. पॅडभोवती हिरवट थर दिसला तर तो तांबे असलेल्या मिश्रधातूवर घामाने चढलेला थर असतो. मऊ टूथब्रशने तो निघतो. पॅड पिवळे पडून कडक झाले असतील तर धुऊन भागणार नाही, ते बदलावेत. काही पॅड स्क्रूने बसतात, काही नुसते दाबून. नवे घेताना जुना सोबत न्या.

आता काडी उघडून हळूच वर-खाली हलवा. ती खडखडत असेल किंवा आपल्या वजनाने खाली पडत असेल तर बिजागरीचा स्क्रू सैल आहे. खाली पांढरे कापड अंथरा, कारण हे स्क्रू हातातून सुटले की सापडत नाहीत. काडी उघड-मीट करत हलक्या हाताने स्क्रू घट्ट करा. अडला की थांबा. पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर त्याच्या डोक्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब ठेवून वाळू द्या. सुपरग्लू मात्र कधीच नको. त्याच्या वाफेने काचांवर पांढुरका थर बसतो आणि तो जाता जात नाही.

काडी बाहेरच्या दिशेने थोडी जास्त उघडून सोडल्यावर झटक्याने आत येत असेल तर ती स्प्रिंगची बिजागरी. तिचा स्क्रू पूर्ण काढू नका. स्प्रिंग आत ओढली जाते आणि स्क्रू पुन्हा बसवायला खास हत्यार लागते.

टेबलावर, मग चेहऱ्यावर

एखाद्या सपाट टेबलावर चष्मा उलटा ठेवा: काड्या उघड्या, फ्रेमची वरची कड खाली. मग सुलटा ठेवून पाहा. दोन्ही काड्या टेबलाला टेकायला हव्यात. एक अधांतरी राहत असेल तर चष्मा कुठेतरी पिळलेला आहे. वरून पाहिल्यावर दोन्ही काड्या सारख्याच उघडतात का, तेही बघा.

पण शेवटचा निर्णय टेबलाचा नाही, चेहऱ्याचा. पुष्कळांचे दोन कान एका उंचीवर नसतात. टेबलावर अगदी सरळ असलेला चष्मा अशा माणसाच्या नाकावर तिरका बसतो, आणि त्याला नीट बसणारा चष्मा टेबलावर डगमगतो. म्हणून चष्मा घालून, मान सरळ ठेवून, कोणाला तरी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरून समोरून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक फोटो काढायला सांगा. आरशात पाहताना आपण नकळत मान कलती करतो, फोटोत ती फसवणूक होत नाही. तुलना भुवयांशी करू नका, डोळ्यांच्या बाहुल्यांशी करा. भुवयाच वरखाली असू शकतात.

एक कागदाची पट्टीही हाताशी ठेवा. चष्मा घातलेला असताना ती काडी आणि डोके यांच्या मधून कपाळाकडून कानाकडे सरकवा. जिथे अडकेल तिथे दाब आहे. कानाच्या बरीच अलीकडे अडकली, तर घसरण्याचे कारण सापडले.

एक बाजू वर असेल तर

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: जी बाजू वर, तिची काडी वर. उजवी काच वर गेलेली दिसत असेल तर उजवी काडी बिजागरीपाशी किंचित वरच्या दिशेला वळवा. काडी कानावर टेकलेलीच असते, त्यामुळे ती वर वळली की फ्रेमची पुढची बाजू खाली येते. किंवा उलट, डावी काडी किंचित खाली वळवा. चष्मा एकूणच खाली बसत असेल तर दुसरा मार्ग घ्या, एकूणच वर असेल तर पहिला.

दोन्ही काड्या एकदम खाली वळवल्या तर फ्रेमची खालची कड गालाकडे येते, वर वळवल्या तर गालांपासून दूर जाते. हसताना गाल फ्रेमला लागत असतील तर हाच उपाय.

एक काच डोळ्याच्या जास्त जवळ असेल तर हाच न्याय आडव्या दिशेने लावायचा. डोके खाली करून वरून कोणाला तरी पाहायला सांगा. जी काच आत आली आहे तिची काडी आत घ्या. जी बाहेर गेली आहे तिची बाहेर. ऐकायला उलटे वाटते. पण काडी जास्त फाकलेली असली की ती बाजू मोकळी होऊन चेहऱ्याकडे सरकते, म्हणून जवळ आलेल्या काचेची काडी आवळायची.

आता हे वाकवायचे कसे? धातूच्या फ्रेममध्ये काच आणि बिजागरी यांच्या मधला छोटा तुकडा एका हाताच्या चिमटीत घट्ट धरा, आणि दुसऱ्या हाताने काडी बिजागरीजवळ पकडून अगदी थोडी वळवा. काडीचे लांबचे टोक धरून कधीही ओढू नका. सगळा जोर बिजागरीच्या स्क्रूवर जातो. वळवा, घाला, पाहा, पुन्हा वळवा. एका दमात सगळे करायला गेले की धातू मागे-पुढे करावा लागतो, आणि मागे-पुढे केलेला धातू लवकर मोडतो.

जाड अ‍ॅसिटेटमध्ये हाच कोपरा काचेला लागून असतो, आणि तिथे उष्णता द्यावी लागते. माझे स्पष्ट मत आहे की हे काम चष्म्याच्या दुकानातच करून घ्यावे. काचेवरचे प्रतिबिंबरोधक कोटिंग आणि ती काच ज्याची बनलेली असते ते प्लास्टिक उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे कोटिंगला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या दुरुस्त होत नाहीत. अ‍ॅसिटेटमध्ये घरी फक्त काड्यांच्या मागच्या भागावर काम करा.

नाकाचे पॅड

कानांच्या आधी नाक, हा क्रम पाळा. नाकावर उंची बदलली की कानावर काडी टेकण्याची जागाही बदलते, आणि आधी केलेले वळण वाया जाते.

पॅड एकमेकांजवळ आणले की चष्मा वर चढतो आणि चेहऱ्यापासून थोडा दूर जातो. लांब केले की खाली उतरतो आणि जवळ येतो. पापण्यांचे केस काचेला लागत असतील तर जवळ आणा; चष्मा फारच वर बसत असेल तर लांब करा. फ्रेम पुढून एका हातात धरा, दोन्ही पॅडच्या मागे अंगठा आणि तर्जनी ठेवा आणि दोन्हीकडे सारखा, हलका दाब द्या. अर्धा मिलिमीटर पुरतो.

उंचीपेक्षा जास्त महत्त्व पॅडच्या कलाला आहे. पॅडचा पूर्ण पृष्ठभाग नाकाच्या उतारावर सपाट टेकला पाहिजे, म्हणजे वजन पसरते. चष्मा अर्धा तास घालून काढा आणि नाकावरचा वळ पाहा. पॅडच्या आकाराचा फिकट ठसा असेल तर पॅड नीट आहे. एका कडेला बारीक, खोल, लाल रेघ असेल तर तीच कड रुतते आहे. पॅड किंचित फिरवून ती कड सैल करा. फक्त वरच्या टोकाशी वळ असेल तर दोन्ही पॅडची वरची टोके एकमेकांपासून थोडी दूर हवीत, खालच्या टोकाशी असेल तर खालची. पॅड धरणारी तार फार बारीक असते आणि वारंवार वाकवल्यावर मोडते, म्हणून ठरवून एकदाच वाकवा.

प्लास्टिकच्या फ्रेममध्ये वळवायला पॅडच नसतात. तिथे सिलिकॉनचे चिकटपॅड लावता येतात. फ्रेम आधी साबणाने धुऊन पूर्ण कोरडी केली तरच ते टिकतात.

कानामागचे वळण, म्हणजे खरे काम

घसरणाऱ्या चष्म्यांतला मोठा भाग इथेच सुधारतो, आणि मला वाटते की घरी करण्याजोगे सर्वांत उपयोगी काम हेच आहे.

काडी कान आणि डोके जिथे जुळतात त्या वरच्या खाचेवरून जाते. वळण नेमके तिथे, किंवा जेमतेम एक-दोन मिलिमीटर मागे सुरू झाले पाहिजे. ते फार मागे असेल, तर वळण कानाला अडेपर्यंत चष्मा पुढे सरकत राहतो. कितीही वेळा वर ढकला, तो तिथेच येऊन थांबतो. वळण फार पुढे, कानाच्या अलीकडे असेल, तर काडी कानाच्या वरच्या कडेवर रुतते, तिथे दुखते आणि काडी कानावर पूर्ण टेकतच नाही. या दोन तक्रारींचे उपाय उलटे आहेत, म्हणून आधी खूण करून खात्री करा.

चष्मा नाकावर जिथे हवा तिथे धरून ठेवा. दुसऱ्या कोणाला तरी कानाच्या खाचेच्या अगदी वर, काडीच्या बाहेरच्या बाजूला पेनाची बारीक खूण करायला किंवा चिकटपट्टीचा तुकडा लावायला सांगा. दोन्ही बाजूंना वेगवेगळी खूण करा. कान सारखे नसतात. चष्मा काढून खूण आणि वळणाची सुरुवात यांतले अंतर पाहा.

अंतर असेल तर काडी गरम करायची. धातूच्या फ्रेमच्या काड्यांनाही टोकाशी प्लास्टिकचे आवरण असते, त्यामुळे ही पद्धत दोन्हींना लागू पडते. काचा ओलसर कापडात गुंडाळून हाताच्या तळव्यात झाका. हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर ठेवून काडीचा मागचा एक तृतीयांश भाग वीस-तीस सेकंद गरम करा. झोत एका जागी थांबू देऊ नका. काडी फिरवत राहा, म्हणजे ती आतपर्यंत सारखी तापते. बोटाला चांगली गरम लागली, पण चटका बसला नाही, एवढी उष्णता हवी. काडी वाकायला कुरकुर करत असेल तर ताकद वाढवू नका, आणखी थोडे तापवा.

ड्रायर नसेल तर वाडग्यात ५०-६० अंश सेल्सिअसचे गरम पाणी घेऊन फक्त काडीचे टोक अर्धा मिनिट बुडवा. उकळते पाणी वापरू नका. काही अ‍ॅसिटेट गरम पाण्याने किंचित पांढुरके पडते, म्हणून ड्रायर असेल तर तोच वापरावा.

मऊ झाल्यावर आधी जुने वळण सरळ करा. ही पायरी गाळून नवे वळण दिले तर काडीला दोन कोपरे येतात आणि ती कानावर डगमगते. मग काडी खुणेपाशी अंगठ्यावर टेकवून साधारण ४५ अंशांत खाली वळवा. तीक्ष्ण कोपरा नको, कानाच्या गोलाईसारखा वळसा हवा. आकार धरून ठेवा आणि थंड होऊ द्या. गार पाण्याखाली धरले तर लवकर होते. गरम असताना सोडली तर काडी हळूहळू परत उघडते. कानाला लावून पाहण्याआधी ती पूर्ण गार झाली आहे याची खात्री करा.

शेवटी काडीचे टोक. कानामागे जे हाड लागते त्याच्या गोलाईला टोकाने सगळीकडे सारखा, हलका स्पर्श करावा. नुसते टोकच डोक्यात रुतत असेल तर ते पुन्हा गरम करून किंचित बाहेर घ्या. टोक हवेत राहत असेल तर किंचित आत.

कानशिलांपाशी दाब होता, म्हणजे कागदाची पट्टी अडकत होती, तर काड्या थोड्या बाहेर फाकवा. धातूत कोपऱ्यापाशी, जसे वर सांगितले तसे. कानामागचे वळण नीट असेल तर काड्या सैल केल्यावरही चष्मा घसरत नाही. ज्यांना हे पहिल्यांदा अनुभवायला मिळते त्यांना आश्चर्य वाटते.

पारख आणि मर्यादा

मान खाली घालून जमिनीकडे पाहा, डोके दोन्ही बाजूंना हलवा, हसा, बोला. मग अर्धा तास नेहमीची कामे करा आणि वळ पुन्हा तपासा. दाबामुळे होणारी डोकेदुखी चष्मा काढल्यावर तासाभराच्या आत थांबते. चष्मा आरामात बसूनही डोके दुखत राहिले किंवा धूसर दिसत असेल, तर दोष फ्रेमच्या बसण्यात नाही. नंबर तपासून घ्या.

नंबर मोठा असेल तर जरा जपून. काचेचा मध्य डोळ्यासमोरून हलला की ती प्रिझमसारखी वागते, म्हणजे चित्र जागेवरून सरकलेले दाखवते: ५ नंबरची एक काच २ मिलिमीटर वर किंवा खाली गेली, तर त्या डोळ्यापुरता १ प्रिझम डायॉप्टरचा (चित्र किती सरकते ते मोजण्याचे एकक) फरक पडतो. दोन डोळ्यांना दिसणारी चित्रे वर-खाली होतात आणि ती जुळवताना डोळे थकतात. म्हणून मोठ्या नंबरात तिरका चष्मा नुसता दिसायला वाईट नसतो, त्रासही देतो. प्रोग्रेसिव्ह आणि बायफोकल काचांत, म्हणजे ज्यांत लांबचा आणि जवळचा असे दोन्ही नंबर असतात त्यांत, तर वाचण्याचा भाग ठरावीक उंचीवर मोजून बसवलेला असतो. तिथे पॅड हलवून उंची बदलली की वाचायला हनुवटी उचलावी लागते किंवा समोरचे धूसर दिसते. अशा चष्म्यात घरी कानामागचे वळण सुधारा, पण नाकावरची उंची बदलू नका.

फ्रेमला आधीच बारीक चीर असेल, अ‍ॅसिटेट जुने होऊन पांढरट व ठिसूळ झाले असेल, काच रिममध्ये हलत असेल, किंवा चष्मा नवा असून त्याची वॉरंटी चालू असेल, तर दुकानातच जा. त्वचेवर खाज सुटणारे लाल चट्टे येत असतील तर तो बसण्याचा दोष नसून धातूतल्या निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते. वाकवून ती जात नाही, फ्रेमचा धातू बदलावा लागतो.

दुकानात गेल्यावर ‘सैल आहे, घट्ट करून द्या’ एवढेच सांगू नका. कागदाची पट्टी कुठे अडकली, वळ नाकाच्या कोणत्या कडेला उठतो, खुणेपासून वळण किती मागे आहे, हे सांगा आणि चष्मा तिथेच घालून पाहा. आणि रोजच्या वापरात चष्मा दोन्ही हातांनी काढा-घाला. एका हाताने ओढून काढल्यावर रोज तीच काडी फाकते. डोक्यावर चढवून ठेवला तर दोन्ही फाकतात.